पावण्याचं वजन

माझ्या सासूबाईंसमोर तोंड मिटून बसणं या भूतलावरच्या दोन वर्षांच्या आतल्या कुठल्याही माणसाला जमलेलं नाही. दोन वर्षांच्या पुढच्यांना थोडंफार जमतं, पण तेही फार वेळ नाही. कबनूरच्या एका गल्लीतल्या अंगणवाडीत त्यांनी उभा जन्म काढला. आज त्या गल्लीतली जी मंडळी यंत्रमागावर बारा बारा तास उभी राहतात, मोटारसायकली उडवतात आणि वरातीत हलगीवर नाचतात, त्यांतल्या निम्म्यांच्या तोंडात पहिला अंड्याचा तुकडा सासूबाईंच्याच बोटांनी गेलेला आहे. त्यामुळे त्यांच्याबरोबर गल्लीतून चालणं हे एक दिव्य असतं. चांगला मिशीवाला, तालमीत कमावलेल्या अंगाचा इसम समोरून आला, की त्या त्याला थांबवतात, त्याचा दंड चाचपतात आणि माझ्याकडे वळून सांगतात, "ह्यो भाजी थुकायचा." इसम बिचारा मान खाली घालून उभा असतो. त्याला पोटापाण्याचं विचारून झालं, की त्या पुढच्या दंडाकडे वळतात.

माझी आणि त्यांची ओळख लग्नाच्या आधीची. शाहूपुरीत आमचं वजनकाट्यांचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती आणि वर्षाकाठी सरकारी शिक्का मारून आणून देणं. एकदा भर दुपारी एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई दुकानात शिरली. पिशवीतून तिनं लहान मुलांना झोळीत घालून तोलायचा, घड्याळासारखी तबकडी असलेला लटकता काटा काढला आणि माझ्यासमोर आपटला. "ह्यो खोटं बोलतोय." मी सवयीनं विचारलं, "कमी दाखवतोय का?" तर म्हणाल्या, "कमी दाखवला असता तर यष्टीनं कशाला आले असते? जास्त दाखवतोय. पोरगं हाताला हलकं लागतंय आन् ह्यो म्हंतोय भारी." काटा आपल्या सोयीचं दाखवतोय अशी तक्रार घेऊन आलेलं हे माझ्या आयुष्यातलं पहिलंच गिऱ्हाईक. मी वजनं लावून बघितली. काटा पाव किलो जास्त दाखवत होता. मला वाटलं, आता बाई जिंकल्यासारखं बघणार. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "म्हंजे गेल्या म्हैन्यात चार पोरं बरी झाली म्हणून सोडली, ती बरी न्हाईत," असं म्हणून त्यांनी माझ्याच पावतीपुस्तकाच्या मागे चार नावं लिहिली, पान फाडलं आणि मिळेल ती गाडी पकडायला निघून गेल्या. काटा तसाच राहिला. तो दुरुस्त करून द्यायला मी कबनूरला गेलो, तेव्हा दार त्यांच्या मुलीनं उघडलं. पुढचं सांगायची गरज नाही. सुपारी फुटायच्या आधी सासूबाईंनी दोन बोटांत माझा दंड धरून बघितला आणि माझ्या आईला म्हणाल्या, "चालंल, पर सकाळी अंडं द्या ह्यास्नी."

आमच्याकडे पावणं या शब्दाला दोन अर्थ आहेत. रस्त्यात भेटलेला कुणीही अनोळखी माणूस पावणं, आणि घरचा जावईही पावणं. सासूबाईंनी त्याला तिसरा अर्थ दिला. अंगणवाडीत मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची एक रंगीत पट्टी असते. दंड हिरव्यात आला तर बरं, पिवळ्यात आला तर लक्ष ठेवायचं, आणि तांबड्यात आला तर ते मूल कुपोषित. हा शेवटचा शब्द सासूबाईंनी जन्मात उच्चारला नाही. "आईला तसं म्हटलं की ती दार लावून घेती," त्या म्हणतात, "आन् पोरगं आत ऱ्हातंय." म्हणून तांबड्यातल्या मुलाला त्या पावणं म्हणत. पावणं म्हटलं की आमच्या मुलखात पुढचं काही सांगावं लागत नाही. पट्टी तांबडी दिसली, की त्या गल्लीत हाक घालत, "पावणं आलंय गं," आणि घराघराची पाळी लागे. सकाळी म्हैसवाल्या काकींकडे दूध, दहाला कुणाकडे तरी अंडं, मग शेंगदाण्याचा लाडू, दुपारी वर तेल सोडलेला मऊ वरणभात, मग कुस्करलेला बटाटा. दर दोन तासांनी थोडं थोडं, महिनाभर. आईला त्यात लाज वाटायचं कारणच नसे. उलट तिचं पोर चार घरी मानानं बोलावलं जाई.

या तिसऱ्या अर्थाची कल्पना मला लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला गेलो तेव्हा कुणी दिली नव्हती. मी नवा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आतून सासूबाई आणि अंगणवाडीतल्या मदतनीस बाई यांचं बोलणं ऐकू येत होतं. "पावणं काय खातच न्हाई ओ." "दंड बगितलासा का, काडी हाय नुसती." "आज दोघींनी मिळून भरवूया. एकीनं हात धरायचं." "आन् वजन?" "जेवल्यावर कपडे काढून झोळीत बसवू, म्हंजे खरं काय ते कळंल." लटकत्या काट्याला पंचवीस किलोच्या वर झेपत नाही हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं, पण त्या क्षणी त्याचा आधार पुरला नाही. मी हळूच चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर जाऊन उभा राहिलो. बायकोनं तिथून मला शोधून आणलं. ही गोष्ट त्या गल्लीत अजून सांगितली जाते, आणि दर वेळी माझी चपला घालायची घाई थोडी थोडी वाढत जाते.

माझी फजिती गल्लीतल्या गल्लीत राहिली, पण हाच शब्द एकदा कागदावर गेला आणि भलतंच झालं. एक नवे साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, "कुपोषित किती?" सासूबाई म्हणाल्या, "एक बी न्हाई. पावणं तिघं हायत." साहेब बाहेरगावचे, त्यांनी दोन्ही गोष्टी इमानदारीनं लिहून घेतल्या. पंधरा दिवसांनी पत्र आलं, की आपल्या केंद्रात बालकांसाठीचा आहार पाहुण्यांना देण्यात येत असल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी आठ दिवसांत लेखी खुलासा करावा. मी खुलाशाचा मसुदा करून द्यायला निघालो, तर सासूबाई म्हणाल्या, "लिवायचं कशाला? तिघं बी समक्षच जात्यात की." आणि खरोखरच त्या तिन्ही मुलांना आणि त्यांच्या आयांना रिक्षात घालून साहेबांच्या कचेरीत गेल्या, तिघांना टेबलावर ओळीनं बसवलं आणि सांगितलं, "ह्यांनी खाल्लाय. इच्यारा." साहेब माणूस भला होता. त्यानं पट्टी मागून घेऊन स्वतः एकाचा दंड मोजला. येताना सासूबाईंनी त्याच्या घरच्या मुलांची वयं विचारून घेतली होती.

भरवायची त्यांची पद्धतही जगावेगळी. चिऊ नाही, काऊ नाही, विनवण्या तर मुळीच नाहीत. समोर वर्षभराचं मूल घेऊन त्या त्याला मोठ्या माणसाला सांगावं तशी गल्लीतली बित्तंबातमी सांगत. कुणाची सून माहेरी का गेली, कुणी कुणाच्या दारात पाणी सोडलं. आवाज खाली जाई, डोळे मोठे होत, "आन् मग त्या बाईनं काय केलं म्हाईत हाय काय?" इथं गप्प. पोराचं तोंड उघडं. घास आत. तो गिळेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नसे. पोराला काय कळत होतं देव जाणे, पण दारात उभ्या असलेल्या आयांना सगळं कळत होतं, आणि पुढचा भाग ऐकायला मिळावा म्हणून त्या आपली वाटी घेऊन उद्या वेळेवर हजर असत. माझ्या दुकानात दोन नोकर आहेत, दोघं पगारी, आणि दोघांपैकी एकालाही मी वेळेवर आणू शकलेलो नाही.

या घरोघरच्या पाळ्या कशा सुरू झाल्या हे मला बायकोकडून कळलं. सासूबाई ते सांगत नाहीत. आम्ही बौद्ध. त्या नव्यानं कामाला लागल्या तेव्हा गल्लीतली तीन-चार घरं मुलांना अंगणवाडीत पाठवत, पण खायच्या वेळी घरी नेत. कारण कुणी बोलत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी भांडण केलं नाही. त्या प्रत्येक घरी गेल्या आणि म्हणाल्या, "माज्या हातचं नगं ना? तुमी शिजवा. पोरगं मातुर उपाशी ठेवू नका." मग घरं शिजवू लागली. पण शिजवणं वेगळं आणि भरवणं वेगळं. चार दिवसांत एकेक आई वाटी आणि पोर घेऊन अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली, "बाई, आमच्या हातानं घेईना, तुमीच भरवा." त्यांनी भरवलं, आणि हळूहळू एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या पोरालाही जाऊ लागली. त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या अंगात एवढा राग आणि एवढा धीर एकत्र राहिला नसता.

मात्र मी त्यांना हरताना जवळजवळ बघितलं ते गेल्या वर्षी. विजापूरकडून मागावर काम करायला आलेलं एक कुटुंब गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायला आलं. नवरा मागावर, बायको शांतव्वा सकाळी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायची, आणि त्यांची चौदा महिन्यांची रेणुका. पट्टी लावली तर तांबडी. दवाखान्यात तपासून आणली, आजार काही निघाला नाही. पाळ्या लागल्या, दूध आलं, अंडी आली. पहिल्या आठवड्यात वजन हललं नाही, दुसऱ्या आठवड्यात हललं नाही. डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस बघू, नाहीतर मोठ्या दवाखान्यात दाखल करावी लागेल. हे ऐकल्यावर शांतव्वानं गाठोडं बांधायला घेतलं. तिचं याआधीचं मूल गावाकडच्या दवाखान्यातच दगावलं होतं. "दवाखान्यात न्हाई ठेवणार री. गावाला नेणार," एवढंच ती आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणत होती. गावाला नेली असती तर ती पोर कुणाच्याच नजरेस राहिली नसती. म्हणजे हातात उरले आठ दिवस.

त्या रविवारी सकाळी सासूबाईंचा मला फोन आला. "पावणं, तपासायची वजनं घिऊन या. काटा बिघाडलाय." मी गेलो. अंगणवाडीच्या तुळईला काटा टांगला, एक किलो लावलं, दोन लावलं, पाच लावलं. तबकडीवरचा काटा दर वेळी केसभरही इकडेतिकडे न होता जागेवर येऊन थांबत होता. सासूबाई माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. "बरोबर हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बरोबर आहे." "पुन्यांदा बगा." मी पुन्हा बघितलं. इतकी वर्षं लोकांचे काटे तपासतोय, पण आपला काटा खोटा निघावा म्हणून असं श्वास धरून उभं राहिलेलं कुणी मी बघितलं नव्हतं. मला खोटं बोलावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग त्याच हळूच म्हणाल्या, "हाताला बी तेवढीच लागली हुती. मला वाटलं, हात म्हातारा झाला."

संध्याकाळी मला म्हणाल्या, "चला," आणि आम्ही शांतव्वाच्या खोलीवर गेलो. दिवेलागण झाली होती. चूल थंड होती. रेणुका भिंतीला टेकून बसली होती आणि शांतव्वा चहात टोस्ट बुडवून तिच्या ओठांना लावत होती. सासूबाईंनी विचारलं, "सांच्याला काय देतीस हिला?" शांतव्वा म्हणाली, "काय न्हाई री. पावणं हाय की ती. दिवसभर पाच घरी जेवतीया. घरला आल्यावर परत कशाला जेवल?" मग थोडी लाजून पुढं म्हणाली, की दुपारी मीच घेऊन जाते ना तिला घरोघर, तर दोन घास झाले की मीच पुरे, पुरे म्हणते. पावण्यानं पोटभर खाऊ नये, लोक नावं ठेवतात, असं आमच्या आईनं शिकवलंय.

मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि मान फिरवली. सगळी हयात ज्या एका शब्दावर त्यांनी पोरं वाढवली होती, तो शब्द या बाईनं खरा मानला होता. पाहुण्यांनी वागावं तशी ती वागत होती, इतकंच. सासूबाई जमिनीवर बसल्या. "माजं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुला नीट सांगितलंच न्हाई मी." बराच वेळ त्या रेणुकाच्या पावलावरून हात फिरवत होत्या. मग एकदम पदर खोचून म्हणाल्या, "शांतव्वा, आता हितनं पुढं हिला पावणं म्हणायचं न्हाई. पावणी मी. जेवल्याबिगर उठत न्हाई."

शांतव्वा आधी गोंधळली. मग तिनं डोईवर पदर घेतला, चूल पेटवली आणि तिच्या हातांना असा काही वेग आला, की मला कोपऱ्यात सरकून बसावं लागलं. ज्वारीच्या भाकरीची थापथाप, डाळीला लसणाची फोडणी, शेंगदाण्याची लालभडक चटणी. भाकरी उलटता उलटता ती पाठमोरीच म्हणाली, "ह्या गावात आल्यापासून आमच्यात कुणी जेवलं न्हाई री." सासूबाईंनी ताट पुढे घेतलं, रेणुकाला मांडीवर घेतलं, भाकरी डाळीत कुस्करून वर तेल सोडलं आणि शांतव्वाला म्हणाल्या, "एक घास मला, एक हिला. तूच भरव. आन् पुरे म्हणायचं काम माजं, तुजं न्हवं." त्या संध्याकाळी सासूबाई पुरे म्हणाल्याच नाहीत. रेणुकानं किती खाल्लं ते मी मोजलं नाही, पण चाटून झाल्यावरही ती आईचं बोट सोडायला तयार नव्हती.

त्यानंतर रोज दिवेलागणीला सासूबाई त्या खोलीवर जेवायला जात. पुढच्या वजनाच्या दिवशी काटा हलला. थोडाच हलला, पण हलला, आणि शांतव्वानं बांधलेलं गाठोडं सोडलं. पिवळी पट्टी दिसेपर्यंत सासूबाईंनी त्या खोलीवरचं जेवण सोडलं नाही, आणि पुढे हिरवी दिसेपर्यंतही नाही. त्यांना साखरेचा आजार आहे, ज्वारी सोडून बाकी सगळं पथ्य त्यांनी त्या काळात मोडलं, आम्ही ओरडलो तर म्हणत, "पावणीला कुठं पथ्य असतंय."

या उन्हाळ्यात सासूबाई निवृत्त झाल्या. त्याच सुमाराला मागांना काम कमी झालं आणि शांतव्वाचं कुटुंब गावी परत निघालं. स्टँडवर पोचवायला आम्ही गेलो होतो. रेणुका आता चालायची, धावायचीसुद्धा, आणि हातात भाकरीचा तुकडा घेऊन माणसांच्या पायांतून फिरत होती. गाडी लागली तेव्हा ती सासूबाईंकडे आली, "अज्जी" म्हणाली, आणि त्या वाकल्या तेव्हा टाचा उंच करून तो तुकडा तिनं त्यांच्या तोंडात कोंबला. आणि तोंड मिटेपर्यंत समोर उभी राहिली. सासूबाईंना निरोपाचं काहीतरी बोलायचं असणार, त्यांची तयारी असतेच. पण तोंड भरलेलं होतं. गाडी हलली तरी त्या चावत नव्हत्या.

आता महिन्या दोन महिन्यांनी शांतव्वाचा फोन येतो. सासूबाई एकच विचारतात, काय खाल्लं, आणि फोन रेणुकाकडे द्यायला लावतात. ती अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं भराभर काहीतरी सांगते. सासूबाईंना त्यातलं निम्मंही कळत नाही. त्या "व्हय, व्हय" करत ऐकत राहतात. मागच्या रविवारी असाच फोन झाला, तेव्हा मी तिथेच होतो. फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिचं वजन तिथं कोण करत असंल ओ?" मी म्हणालो, "करत असतील की तिथल्या बाई." त्यांनी मान हलवली. "करत असत्याल. पर झोळीत घातली की भिती ती, रडती. आधी थोडा येळ हात धरून ठिवाय लागतंय." हे तिथल्या बाईंना कुणी सांगितलं असेल का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.